बर्फावरची शिकार

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात हिवाळा सरता सरता हार्प सील बर्फाच्या लाद्यांवर पिल्लं घालतात. सुरुवातीचे साधारण दोन आठवडे पिल्लाची लव पांढरीशुभ्र असते. त्या लवेपायीच लाखो पिल्लं मारली गेली. १९७७ मध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो थेट त्या बर्फावर पोहोचली आणि जगभर संताप उसळला. १९८३ मध्ये युरोपने या कातड्यांची आयात रोखली. १९८७ मध्ये कॅनडाने पांढऱ्या पिल्लांच्या व्यापारी शिकारीवर बंदी घातली.

थोड्या मोठ्या सीलची शिकार मात्र चालूच राहिली. नियम असा, की आधी प्राण्याची शुद्ध हरपवायची, कवटी चाचपून खात्री करायची, मगच रक्त वाहू द्यायचं. हलत्या बर्फावर, बोचऱ्या वाऱ्यात हे दर वेळी नीट होत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पण आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचं म्हणणं ऐकायलाच हवं. त्यांच्या गोठलेल्या प्रदेशात शेती पिकत नाही. सीलचं मांस खायचं, कातडं पांघरायचं. पांढऱ्या पिल्लांचा तो धंदा त्यांचा नव्हताच, तरी कातड्यांचे भाव कोसळले तेव्हा त्यांचीही कमाई बुडाली. २००९ मध्ये युरोपने सीलपासून बनलेल्या मालावर बंदी घातली, तिच्यात त्यांना सूट मिळाली. गिऱ्हाईक मात्र परतलं नाही.

व्यापारी शिकारीला पर्याय आहेत. कॅनडाच्या मॅग्डालेन बेटांवरून पर्यटक हेलिकॉप्टरने पिल्लं पाहायला जातात, पण अलीकडे काही हिवाळ्यांत पुरेसा बर्फच धरत नाही. म्हणून सीलची शिकार करणाऱ्या कोळ्यांचे शिकारीचे परवाने सरकारने मोबदला देऊन परत घ्यावेत, ही प्राणिमित्र संघटनांची मागणी मला जास्त भरवशाची वाटते.