लेखापरीक्षकाचा अभिप्राय : अर्थ आणि मर्यादा



७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून एक धक्कादायक कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. कंपनीच्या वार्षिक हिशेबांना मात्र वर्षानुवर्षे लेखापरीक्षकांचा स्वच्छ अभिप्राय मिळत आला होता. मग या अभिप्रायाचा अर्थ तरी काय, असा प्रश्न सामान्य भागधारकास पडणे स्वाभाविक होते.

वित्तीय विवरणपत्रे तयार करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. ती सत्य व वाजवी चित्र दाखवितात काय, याविषयी स्वतंत्र मत देणे हे लेखापरीक्षकाचे काम. ही तपासणी बहुतांशी नमुना पद्धतीने होते. त्यामुळे अभिप्राय वाजवी खात्री देतो, संपूर्ण हमी नव्हे. कंपनी उत्तम चालली आहे, असे प्रमाणपत्रही तो देत नाही. तोट्यातील कंपनीने आपला तोटा प्रामाणिकपणे दाखविला, तर तिलाही स्वच्छ अभिप्राय मिळू शकतो.

अभिप्रायाचे प्रकार चार आहेत आणि ते दोन प्रश्नांवरून ठरतात. हिशेबात चूक आढळली आहे की पुरेसा पुरावाच मिळालेला नाही? आणि त्याचा परिणाम एखाद्या बाबीपुरता आहे की सर्वव्यापी?

महत्त्वाची चूक नसेल आणि पुरावा पुरेसा असेल, तर स्वच्छ अर्थात अपरिवर्तित अभिप्राय दिला जातो. गोदामातील मालाचे मूल्य वाढवून दाखविले आहे, पण उर्वरित हिशेब योग्य आहेत, अशा वेळी 'या बाबीचा परिणाम वगळता' असे म्हणून सशर्त अभिप्राय दिला जातो. पुरावा अपुरा असून त्याचा संभाव्य परिणाम मर्यादित असेल, तरीही हाच प्रकार लागू होतो. चूक संपूर्ण विवरणपत्रे दिशाभूल करणारी ठरावीत इतकी सर्वव्यापी असेल, तर अभिप्राय प्रतिकूल असतो. आगीत दप्तर नष्ट झाल्यासारख्या कारणाने पुरावाच हाती येत नसेल व त्याचा संभाव्य परिणाम सर्वव्यापी असेल, तर लेखापरीक्षक अभिप्राय देण्यास असमर्थता व्यक्त करतो.

येथे परीक्षार्थींची हमखास गफलत होते. इंग्रजीतील 'क्वालिफाइड' या शब्दाचा अर्थ 'पात्र' असा घेऊन सशर्त अभिप्राय चांगला मानला जातो. वस्तुतः तो इशारा आहे. याउलट, 'बाबीवर भर' या शीर्षकाखालील परिच्छेद वाचकाचे लक्ष वेधतो, परंतु त्यामुळे अभिप्राय बदलत नाही.

अभिप्रायाचे मोल लेखापरीक्षकाच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते. म्हणूनच त्याची नेमणूक व्यवस्थापन नव्हे, तर सर्वसाधारण सभेत भागधारक करतात. सरकारी कंपन्यांत ती भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. सत्यम प्रकरणात मात्र साध्या शिस्तीचाच अभाव दिसून आला. बँक शिलकीची पुष्टी लेखापरीक्षकांनी स्वतःच्या नियंत्रणाखाली थेट बँकांकडून मिळविण्याऐवजी ते काम कंपनीच्या व्यवस्थापनावर सोपविले होते, असे अमेरिकी नियामकांच्या २०११ मधील आदेशांत नमूद आहे.

या अनुभवानंतर आलेल्या कंपनी कायदा, २०१३ ने सूचिबद्ध व विहित कंपन्यांत लेखापरीक्षण संस्थेची सलग मुदत प्रत्येकी पाच वर्षांच्या दोन कालखंडांपुरती मर्यादित केली. त्याच कंपनीचे जमाखर्च लिहिण्यासारखी कामे लेखापरीक्षकास निषिद्ध ठरली. एक कोटी रुपये वा त्याहून अधिक रकमेचा, कंपनीच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी केलेला अपहार आढळल्यास केंद्र सरकारला कळविणे त्यास बंधनकारक झाले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची स्थापना झाली. सुधारित मानकांनुसार अभिप्राय व त्याचा आधार आता अहवालाच्या आरंभीच द्यावा लागतो.

तेव्हा वार्षिक अहवाल हाती येताच नफ्याच्या आकड्याकडे वळण्यापूर्वी हे दोन परिच्छेद वाचावेत. सत्यमच्या भागधारकांना त्या परिच्छेदांनीही सावध केले नसते, हे खरे. परंतु जेथे लेखापरीक्षक सावध करतो, तेथे तो इशारा न वाचण्याची किंमत अखेर गुंतवणूकदार आणि ठेवीदारच मोजतात.