पोचपावतीनंतर



मुलांसाठी काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांचं हे अधिवेशन मनमाडला भरवलंत याबद्दल स्थानिक समितीचे मनापासून आभार. पुण्या-मुंबईची सभागृहं वातानुकूलित असतात, हे खरं. पण घर सोडणाऱ्या मुलांचा आपला विषय तिथे सुरू होत नाही, तो तिथे जाऊन पोचतो. दौंडकडून येणारा रेल्वेचा फाटा, नांदेड-जालन्याकडून येणारा फाटा आणि भुसावळ-मुंबईचा मुख्य मार्ग इथे एकत्र येतात. नगर, मराठवाडा, खानदेश, कुठूनही घर सोडून निघालेलं पोर बहुधा याच फलाटावर गाडी बदलतं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये गाव-जात न विचारता जेवायला वाढतात, तिथे पोटभर खातं आणि पुढच्या गाडीत चढतं. मुंबई गाठलेल्या मुलांवर १९८८ साली ‘सलाम बॉम्बे’ निघाला, जगभर गाजला. मनमाडवर कोणी सिनेमा काढला नाही. खरं तर मुलाला थांबवायचं, तर ते इथेच सोपं होतं.

मी आयुष्यभर परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. तुमच्यातल्या अनेकांसारखी फायलींमध्येच म्हातारी झाले. म्हणून आज कायद्याची ओळख करून देत बसणार नाही, ती तुम्हाला पाठ आहे. एकाच गोष्टीवर बोलणार आहे: आपण आपलं काम जिथे संपलं असं मानतो, तिथे ते संपत नाही.

आधी आकड्याचं बोलू. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७२ हजारांवर बेघर माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत ही मोजणी झाली. पुलाखाली कुटुंबासह झोपलेलं मूल त्यात आलं असेल. पण पार्सल ऑफिसच्या मागे, यार्डातल्या रिकाम्या डब्यात एकटं झोपणारं मूल बॅटरीचा उजेड दिसला की पळतं, कारण रात्री बॅटरी घेऊन कोण येतं हे त्याला माहीत असतं. हॉटेलच्या भटारखान्यात झोपणारा सोळा वर्षांचा पोऱ्या तर कुणाच्याच हिशेबात बेघर नसतो, तो ‘कामाला असतो’. मुली त्याहून कमी दिसतात. फलाटावर एकटी मुलगी फार वेळ एकटी राहत नाही, तासा-दोन तासांत कोणीतरी ‘मावशी’ तिच्याशेजारी येऊन बसते. नोंदीत मुली कमी आहेत म्हणून त्या घर सोडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र ड्युटीवरच्या रेल्वे पोलिसांजवळ उभं राहून पाहावं.

मूल घर का सोडतं? आपल्या चौकशी अहवालात याचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘किरकोळ कारणावरून रागावून घर सोडले.’ हे वाक्य मी असंख्य वेळा वाचलं आहे. किरकोळ म्हणजे काय? बाप दारू पिऊन आईला मारतो आणि पोर मध्ये पडतं, हे किरकोळ. नववीला नापास झालेल्या मुलाला ‘आता वीटभट्टीवर चल’ म्हटलं जातं, हेही किरकोळ. सावत्र बापाच्या घरी ताटात वाढलेलं मोजलं जातं, ही तर अहवालात लिहायचीही गोष्ट नाही. राग त्या दिवशीचा असतो. कारण दोन-चार वर्षांचं असतं.

बीड जिल्ह्यातलंच घ्या. दिवाळी झाली की मुकादमाच्या उचलीवर नवरा-बायकोचा कोयता ठरतो आणि बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर जातं. पोर एक तर आजीपाशी मागे राहतं, नाही तर पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळत बसतं. हजेरीपटावर त्याचं नाव असतं. वैशाखाच्या तोंडावर ते परत येतं, तेव्हा वर्ग इतका पुढे गेलेला असतो की बाकावर बसणं ही रोजची शिक्षा होते. अशी तीन-चार वर्षं गेली की शाळा सुटते. मग उचल फिटली नाही म्हणून बाप त्याच्याही हातात कोयता देऊ पाहतो, आणि एके पहाटे पोर गाडीत बसतं. याला आपण ‘मुंबईचं आकर्षण’ म्हणतो! बालसंगोपन योजनेत अशा घराला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. ते वेळेवर मिळतात का, हे समोर बसलेल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मंडळींना आत्ता विचारू नका, जेवणाची चव जाईल. पण अख्ख्या व्यवस्थेत एवढं स्वस्त दुसरं औषध नाही, आणि तेच आपण सगळ्यात उशिरा देतो.

काहींनी घर सोडलेलंच नसतं, कारण सोडायला घर नव्हतं. मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर गजरे विकणारी फासेपारध्यांची मुलं त्याच फुटपाथवर जन्मली, त्यांचे आईबापही तिथेच. १८७१च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कागदावर पुसला गेला, पण पोलीस चौकीत अजून वाचता येतो. जातीचा दाखला मागायला गेलं की १९५०च्या आधीचा रहिवासाचा पुरावा आणा म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कुठे टिकूच दिलं नाही, त्यांच्याकडे रहिवासाचा पुरावा! १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निकाल थोर होता. तरी पावसाळा संपल्यावर फुटपाथवरची झोपडी हटवायला महापालिका मोकळीच राहिली. अशा कुटुंबातलं मूल ‘सोडवून’ आणायचं आणि आईबापांना निष्काळजी ठरवायचं, यात कसली सोडवणूक आहे हे मला कधी उमगलं नाही. त्यांना खोली हवी होती, बालगृह नव्हे.

रस्त्यावरच्या आयुष्याचे परिणाम सांगताना आपण खरूज, टीबी, रुमालावर ओतून हुंगायचं ‘सोल्युशन’ अशी यादी वाचतो. ते सगळं आहेच. मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. फलाटावरचं मूल बाटल्या वेचून, गाडीत झाडू मारून शे-दीडशे रुपये कमावतं आणि रात्रीपर्यंत सगळे उडवतं. वडापाव, सिनेमा, दोस्ताला पार्टी. नवीन कार्यकर्ता म्हणतो, यांना बचतीची सवय नाही. अहो, झोपेत खिसा कापला जातो किंवा मोठी पोरं मारून काढून घेतात. रात्री खिशात पैसे असणं हाच धोका, तेव्हा उडवणं ही त्याच्यापुरती सर्वांत सुरक्षित बचत असते. हेच मूल बालगृहात येतं आणि चपात्या उशीखाली लपवतं, सहा महिन्यांनंतरचं कुठलंही वचन हसण्यावारी नेतं. उद्या नावाची गोष्ट त्याच्या अनुभवातच नसते. ती शिकवायला वर्षं लागतात, आणि आपण त्याला देतो ते आठवडे.

कारण आपली मोजपट्टीच वेगळी आहे. २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं, पत्ता काढायचा, १५ दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल. मुलगा परजिल्ह्यातला असेल तर पोलीस एस्कॉर्टची वाट पाहायची, ती महिनाभरही पाहावी लागते. मग एक दिवस बाप येतो, आधार कार्डाची झेरॉक्स देतो, अंगठा उठवतो. ‘बालक पालकांच्या ताब्यात दिले.’ ही पोचपावती फायलीला लागली की प्रकरण निकाली. महिन्याच्या अहवालात तो एक आकडा ‘पुनर्वसन’ या रकान्यात चढतो. तेच मूल पावसाळ्यानंतर पुन्हा सापडलं, तर त्याची नवी फाईल उघडते आणि वर्षाअखेर आपण एकाच पोराचं दोनदा पुनर्वसन केलेलं असतं. हे विनोदाने सांगत नाही. घरातल्या ज्या खोलीतली मारहाण टाळायला ते पळालं, त्याच खोलीत परत नेऊन आपण सही घेतली.

१९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक सुरू झाला. दस-नौ-आठ, पोरांच्या तोंडी बसणारा उतरता आकडा. आवाज दिला की ओळखीचा ‘दादा’ किंवा ‘दीदी’ यायची. २०२३पासून ती सेवा शासकीय यंत्रणेत गेली, ११२शी जोडली गेली. त्याचे फायदे असतीलही. पण फलाटावर रोज फेरी मारणारा, मुलांच्या टोपणनावांसकट सगळं ठाऊक असणारा माणूस कोणत्या पदाच्या आकृतिबंधात बसतो, ते मला कोणी दाखवलेलं नाही.

घराच्या दरवाजाचं झालं. आता दुसऱ्या दरवाजाकडे येते, बालगृहाच्या, ज्यातून आपणच मुलांना बाहेर काढतो.

एका मुलाची गोष्ट सांगते, त्याचं नाव, गाव सांगणार नाही. बाप वारलेला, आईने दुसरं लग्न केलेलं, नवव्या वर्षी बालगृहात आला. शांत, हाताला चांगला. आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. परीक्षा उन्हाळ्यानंतर होती आणि अठरा वर्षं पूर्ण झाली फेब्रुवारीत. निरोपाला अधीक्षकांनी शाल-नारळ दिला, जणू कोणी निवृत्त होतोय. प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं, एक ट्रंक, बँकेचं पासबुक. औद्योगिक वसाहतीत काम मिळालं, पण खोली मिळेना. घरमालक दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि आधार कार्ड मागायचा. आधारवर पत्त्याच्या जागी बालगृहाचं नाव. ‘रिमांड होमचा आहेस का रे?’ एवढं विचारून दार बंद. तो वर्कशॉपच्या शटरआड झोपू लागला. जमलंही असतं. पण दिवाळी आली. वसाहत पाच दिवस बंद, खाणावळही बंद, सगळी पोरं गावाला. त्याच्यापुढे गावच नव्हतं. भाऊबीजेच्या दिवशी तो फराळाचा एक पुडा घेऊन जुन्या बालगृहाच्या फाटकाशी गेला. आतल्या धाकट्या पोरांना द्यायचा होता. अठरा ओलांडलेल्यांना आत सोडायचं नाही असा नियम, वॉचमनने पुडा घेतला आणि त्याला बाहेरूनच वाटेला लावलं. पुढचे काही महिने तो कुठे झोपला हे मला ठाऊक आहे. ते याच फलाटासारखं ठिकाण होतं.

असा दुसऱ्यांदा बेघर होणारा तो पहिला नव्हे. कवी नारायण सुर्वे १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रस्त्यावर सापडलेल्या त्या तान्ह्या बाळाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणलं, काशीबाईंनी वाढवलं, आपलं आडनाव दिलं. ही अर्धी गोष्ट आपण गहिवरून सांगतो. उरलेली अर्धी अशी की गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले, कोकणात गावी परतले, आणि शाळकरी वयाचा नारायण मुंबईत एकटा उरला. ज्यांनी जीव लावला त्यांच्याच घरातून तो दुसऱ्यांदा बेघर झाला. त्यात गंगारामांचा दोष काढण्यासारखं काही नाही. पगार थांबला की गिरणी कामगाराची मुंबईही थांबायची. पुढे घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी, पालिकेच्या शाळेतला शिपाई आणि मग मास्तर, असा प्रवास झाला. त्याला सावरलं ते कामगार चळवळीने, कुठल्या समितीने नव्हे. प्रतिभेच्या बळावर कोणीतरी तरून जातं, आणि आपण त्याचं उदाहरण बाकीच्यांच्या तोंडावर मारतो, हे मला आवडत नाही. वायरमन पोराने कवी का व्हावं? त्याला वायरमनच व्हायचं होतं.

कायद्यात सोय नाही असं कोणी म्हणू नये. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, अपवादात्मक परिस्थितीत ती तेविसापर्यंत नेता येते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये आहेत. नाशिक, पुणे, ठाणे, कुठल्याही शहरात या रकमेत खोली आणि खाणावळ बसवून दाखवणाऱ्याचा मी याच व्यासपीठावर सत्कार करीन. २०१८पासून महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, चांगली गोष्ट आहे. पण ज्याची आई कुठेतरी जिवंत आहे आणि दार उघडत नाही, तो कागदोपत्री अनाथ कसा ठरायचा? आपल्या गृहांतल्या कितीतरी मुलांची अडचण हीच आहे. इंग्लंडमध्ये संगोपनातून बाहेर पडलेल्या तरुणाला पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागार मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान एक नेमलेला माणूस आहे, ज्याचा फोन लागला पाहिजे असं कायदा म्हणतो.

आपल्या घरातला पोरगा अठराव्या वाढदिवशी घराबाहेर पडतो का? पंचवीस-सव्वीस वर्षांचा होईतो आई डबा भरून देते, बाप दुचाकीचा हप्ता भरतो. शासन कायद्याने पालक झालं, तर त्याला या गोष्टीतून सूट कशी?

तेव्हा दुपारच्या सत्रात मी तीन ठराव मांडणार आहे, आणि ते गुळमुळीत नसतील. ताब्यात दिलेल्या मुलाच्या घरी वर्षभर, दर तीन महिन्यांनी, माणसाने प्रत्यक्ष जावं आणि त्याआधी ‘पुनर्वसन’ हा शब्द अहवालात येऊ नये. परीक्षा चालू असलेल्या कुणालाही केवळ वय भरलं म्हणून बाहेर काढू नये. आणि भाडेकरारावर हमीदार म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सही करावी. तिसऱ्यावर लेखा विभागाचे मित्र डोकं धरतील, ते मी गृहीत धरलं आहे. कोणाचा विरोध असेल त्याने उठून बोलावं, लॉबीत कुजबुजू नये.

प्रत्येक जिल्ह्याच्या प्रतिनिधीला पत्रातून एक यादी आणायला सांगितली होती: गेल्या तीन वर्षांत आपल्या गृहांतून अठरा पूर्ण करून गेलेली मुलं-मुली, आणि आज लागणारा त्यांचा फोन नंबर. सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर चौकशी केली, तर मोजक्याच याद्या जमा झाल्या आहेत. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत फोन फिरवावेत. सत्र अडीचला सुरू होईल आणि सुरुवात याद्यांपासूनच होईल.