दुकानावरचे घर आणि धुराचा पहारा



रायपूरच्या सदर बाजारात चोराची धास्ती किती, हे या गल्लीतून एक चक्कर मारली की कळते. सराफी पेढीत तिजोरी, दारावर कॅमेरा, रात्री शटरला दोन-दोन कुलपे. सोन्याला एवढा पहारा. वर माडीवर कुटुंब झोपत असेल, तर त्याच्या जिन्याशी साधा स्मोक अलार्म सहसा नसतो. या परिषदेतला आजचा विषय घरातील स्मोक अलार्म आणि कायदा असा आहे. कायद्याआधी दोन घरांची हकीकत सांगणे भाग आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरच्या शिंपीकामाच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पोलिसांच्या प्राथमिक तपासानुसार ते गुदमरले. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानातच राहणारे पती-पत्नी आणि त्यांची दोन मुले अशाच पहाटेच्या आगीत दगावली. खाली माल, वर किंवा आत बिऱ्हाड, बाहेर पडायला एकच वाट. सदर बाजाराला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील, ही समजूत जिवावर बेतणारी आहे. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो माणसाला आणखी गुंगवतो. कानाला मात्र कर्कश आवाज झोपेतही ऐकू येतो. अलार्मचे सगळे काम या एका गोष्टीवर चालते.

आता कायदा. अग्निशमन हा राज्यांचा आणि पालिकांचा विषय. राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ ची आवृत्ती मार्गदर्शक आहे. राज्य ती स्वीकारील तेवढीच ती बंधनकारक. तिच्या हिशेबाने १५ मीटर आणि त्याहून उंच ती बहुमजली इमारत, आणि निवासी इमारतींच्या अटी उंचीबरोबर कडक होत जातात. एका कुटुंबाच्या बुटक्या घरात स्मोक अलार्म लावलाच पाहिजे, अशी सक्ती तिच्यात नाही. महाराष्ट्राचा २००६ चा कायदा जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकतो आणि यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत मागतो. छत्तीसगडनेही २०१८ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवांचा स्वतंत्र कायदा केला. पण कायद्याची नजर वर, उंच मजल्यांकडे. छावणी आणि चिखलीतली माणसे गेली ती खालच्या मजल्यांवर.

इतर देशांनी नजर खाली वळवली आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून भाड्याच्या खासगी घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर एक अलार्म हवा, आणि भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी तो वाजतो का, हे घरमालकाने तपासायचे. चुकल्यास दंड ५,००० पौंडांपर्यंत. जपानने २००४ मध्ये कायदा बदलला, २००६ पासून नव्या घरांना आणि २०११ पर्यंत जुन्या घरांनाही अलार्मच्या सक्तीत आणले. स्कॉटलंडचा फेब्रुवारी २०२२ चा नियम मराठी स्वयंपाकघराला डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा वाटतो: बैठकीच्या खोलीत आणि जिन्याशी धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात मात्र उष्णतेचा. म्हणजे मिरचीची फोडणी दिली म्हणून घंटा बोंबलत नाही, आणि वैतागून कोणी तिच्यावर पिशवी बांधत नाही. एक वाजला की घरातले सगळे वाजतात, हीही तिथली अट.

उपकरणाबद्दल थोडक्यात. गाद्या, कापड, वायर आधी धुमसतात. असा धूर प्रकाशाच्या किरणावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, अलार्म लवकर ओळखतो. तो छताला लावावा, पंख्याच्या झोतापासून दूर. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे, दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलावा. अमेरिकेत घरांच्या आगीत मरणाऱ्यांपैकी साधारण पाचातले तिघे अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरांतले असतात. बंद पडलेल्या, हा शब्द विद्युत ठेकेदारांनी विशेष ऐकावा. लावून पैसे घेतले की काम संपले, असा हा धंदा नाही.

दुकान आणि राहते घर एकाच छताखाली असेल, तर उंची न पाहता अलार्म सक्तीचा करावा, अशी मागणी या परिषदेने ठरावाने राज्य शासनाकडे आणि महापालिकेकडे करावी. नियम यायला वेळ लागेल. सराफांनी तोवर दोन अलार्म घ्यावेत, एकमेकांना जोडलेले: एक खाली पेढीत, एक वर जिन्याच्या तोंडाशी. आणि रात्री लावलेल्या कुलपाची किल्ली घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारात सापडेल अशा जागी टांगावी.