स्लॅबलाही शाकारणी लागते



वसंत व्याख्यानमालेत गच्चीवरच्या पाण्याचा विषय ठेवला याचं मला समाधान आहे, आणि तो ऐन मे महिन्यात ठेवला याचं जास्त. उरणजवळच्या आपल्या मोऱ्यात आगोटीची कामं कुणी कुणाला शिकवायला नकोत. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, त्याआधी घरात पावसाळ्याची बेगमी झालेली असते. कौलारू घरांवर याच दिवसांत माणूस चढायचा. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची, वळचणीतला पाला काढायचा, पन्हळ साफ करायची. शाकारणी चुकली की घर गळणार, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असायचं. पुढे कौलं गेली, स्लॅब आला, आणि त्याच्याबरोबर एक समजूत आली की छपराची कटकट आता जन्माची मिटली. उरण, पनवेल, नवी मुंबईतल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारती आज जी ओल सोसताहेत, तिचं मूळ मला या समजुतीत दिसतं.

कौलावर पडलेलं पाणी चारी बाजूंच्या पागोळ्यांनी निघून जातं. गच्चीला आपण कमरेएवढा कठडा बांधतो, म्हणजे तिथलं पाणी अडवूनच ठेवतो, आणि मग कोपऱ्यांत चार-सहा भोकं ठेवून त्याला म्हणतो, इथून जा. इमारतीचं छप्पर टिकणार की नाही हे त्या चार-सहा भोकांवर ठरतं. स्लॅबच्या जाडीचा नंबर त्यानंतर लागतो.

पाण्याला भोकापर्यंत नेण्याचं काम कोबा करतो. विटांचे तुकडे सिमेंटात बसवून केलेला हा थर पाणी अडवतो असं बहुतेकांना वाटतं. त्याचं पहिलं काम ढाळ देण्याचं आहे. साधा हिशोब शंभराला एक, म्हणजे दहा मीटर लांबीत दहा सेंटिमीटर उतार. काम नवं असताना तो असतो. मग गच्ची गळते. ठेकेदार येतो, जुना कोबा फोडणं महाग पडतं म्हणून त्याच्यावरच नवा थर टाकतो. दहा-बारा वर्षांनी आणखी एक. प्रत्येक वेळी गच्ची दोन-तीन इंच वर येते, भोक मात्र होतं तिथंच राहतं. अशा गच्चीवर पाण्याच्या तोंडाशी उकिडवं बसून पाहा. कोब्याची कड वर आलेली असते, तोंड खड्ड्यात गेलेलं असतं. जाळी बसवायला जागा उरलेली नसते, म्हणून ती काढून कोपऱ्यात ठेवलेली असते. हात आत घातला की कबुतरांची पिसं, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा, टाकीच्या झाकणाचा गंज, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी काळी चिकट माती लागते. त्या मातीत पिंपळाचं रोप हमखास. रोप वरून उपटलं तर पानं हातात येतात, मूळ पाइपाच्या आणि भिंतीच्या फटीत राहतं आणि पुढच्या वर्षी जास्त जोमानं फुटतं. फट थोडी उकरून मूळ सगळं काढलं पाहिजे आणि फट त्याच दिवशी बुजवली पाहिजे.

त्याच तोंडापाशी आणखी एक गोष्ट दिसते. जुन्या इमारतींना बिडाचे पाइप होते. ते आतून गंजतात, पापुद्रे सुटतात. पूर्ण पाइप बदलायचा तर परांची बांधावी लागते. म्हणून प्लंबर सोपी युक्ती करतो: चार इंची बिडाच्या तोंडात तीन इंची पीव्हीसीचा तुकडा सरकवतो आणि भोवती सिमेंट भरतो. दिसायला स्वच्छ काम. भारतीय मानकातला तक्ता मात्र सांगतो की ताशी १०० मिलिमीटर पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप ४२.७ चौरस मीटर छपराचं पाणी नेतो, आणि ७५ मिलिमीटरचा फक्त २०.४. एक इंच कमी केला की अर्ध्याहून जास्त ताकद गेली. ३४० चौरस मीटरच्या गच्चीला त्या पावसात चार इंची आठ पाइप लागतात. तुमच्या इमारतीला किती आहेत, ते घरी गेल्यावर मोजा.

ताशी १०० मिलिमीटर म्हणजे फार झालं, असं कुणी म्हणेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या दुपारी एका तासात सुमारे १९० मिलिमीटर. खाडीपलीकडेच घडलेली ही गोष्ट. असा पाऊस रोज पडत नाही, पण इमारत तेवढ्यासाठीच बांधलेली असते.

आता मोऱ्याचा वेगळा प्रश्न. आपल्या तिन्ही अंगांना समुद्र आणि खाडी. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ गच्चीवर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर बसतं. पावसाचं पाणी वाहून गेलं तर मीठही वाहून जातं. पाणी साचलं तर ते मीठ घेऊन कोब्यात आणि कोब्यातून स्लॅबमध्ये उतरतं. सळई गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, म्हणून आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडू लागतात ते यामुळे. आपल्या जुन्या इमारती काँक्रीटच्या १९७८च्या भारतीय मानकाप्रमाणे बांधलेल्या; त्यात स्लॅबच्या सळईवर १५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरणही चालून जायचं. २०००च्या सुधारित मानकानं किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी ते ४५ मिलिमीटर केलं. जुन्या स्लॅबचं आवरण आता वाढवता येत नाही. त्याच्यावर पाणी उभं राहू न देणं हे आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच समुद्रापासून दूरच्या इमारतीला जे एकवेळ चालेल ते मोऱ्याच्या इमारतीला चालत नाही.

वजनाचंही बघा. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरलेला भार साधारण १५० किलो दर चौरस मीटरला, म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाण्याला तो संपला. त्यात मागच्या दोन कोब्यांचं वजन आधीच स्लॅबच्या उरावर आहे. सगळी तोंडं तुंबली तर जिन्याच्या उंबऱ्यावरून पाणी आत येईपर्यंत कुणाला कळतही नाही. म्हणून कठड्याला, गच्चीच्या तळापासून चार बोटं उंचीवर, बाहेर पडणारा एक ओव्हरफ्लोचा तुकडा हवाच. त्यातून धार पडायला लागली की खाली उभ्या माणसालाही समजतं की वर पाइप तुंबला आहे. दोन-चारशे रुपयांच्या पाइपाचं हे काम आहे. ते बहुतेक जुन्या इमारतींना केलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोसायटीच्या सभेत मात्र चर्चा वेगळीच चालते. वरच्या मजल्याचं छत गळतं, खालचे म्हणतात आम्हाला काय त्याचं, कुणीतरी केमिकलचं कोटेशन आणतो, लाखांत आकडा असतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीनं करायची आहे, म्हणजे तळमजल्यावरच्यानंही त्यात वाटा उचलायचा. त्यासाठीच दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा करायचा असतो. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिट करणाऱ्याला गच्चीचा ढाळ आणि पाण्याची तोंडं तपासून अहवालात वेगळं लिहायला सांगा. केमिकलच्या मी विरोधात नाही. पण ढाळ उलटा असेल आणि तोंड बुजलेलं असेल, तर कितीही भारी लेप तळ्याखाली गेल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत हार मानतो. पत्र्याची शेड घातली तरी हे टळत नाही. शेडचं सगळं पाणी एका कडेला येतं आणि तिथली दोन तोंडं पूर्ण गच्चीचा भार घेतात.

तपासणी कठीण नाही. मे महिन्यात गच्ची झाडून घ्या, अडगळ खाली आणा, मग टँकरचं किंवा टाकीचं पाणी सोडून गच्ची ओली करा. अर्ध्या तासानं जिथं डबकं उरेल त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमच्या दुरुस्तीचा नकाशा. तेवढ्याच भागाचा ढाळ सुधारा, अख्ख्या गच्चीवर थर चढवू नका. जुन्या स्लॅबवर तोंडं बंद करून पाणी भरून ठेवण्याची चाचणी इंजिनिअर हजर असल्याशिवाय करू नका. प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओता आणि एकाला खाली उभं करा. पाणी कुठून आणि किती वेळात बाहेर येतं, ते गटारात जातं की पायाशीच मुरतं, हे त्यानं सांगावं. पावसाचा पाइप कुणी मैल्याच्या चेंबरला जोडला असेल तर तेही इथंच उघड होतं.

आणि हे काम कमिटीचं, असं म्हणून सोडू नका. कमिटीचं काम म्हणजे कुणाचंच नाही. एका माणसाचं नाव नोटीस बोर्डावर लावा, गच्चीची चावी त्याच्याकडे द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, मग पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी त्यानं जाळ्या साफ करून वहीत तारीख टाकावी. पहिला जोराचा पाऊस थांबला की रेनकोट घालून वर जावं आणि शेवटचं पाणी किती वेळानं निघालं तेही लिहावं. पुढच्या वर्षी हाच आकडा वाढलेला दिसला, तर छताला ओल येण्याआधीच कुठल्या पाइपापासून सुरुवात करायची ते त्या वहीतून कळेल.