आमच्या गल्लीचा वर्ग कोणता?

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात भांड्यांचा, कबुतरांचा, शेजारच्या म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज ऐकू येतो. बाकीचे सहा दिवस खडखडाट. माझे अब्बा तीस वर्षे मागावर होते. घरातही ओरडूनच बोलत. लहानपणी मला वाटे, ते सतत रागावलेले असतात. त्यांचे कान गेले आहेत, हे कळायला फार वर्षे लागली.

हा आवाज मुख्यतः धोट्याचा. त्याला एका बाजूने फटका बसतो, दुसऱ्या बाजूला तो अडतो, पुन्हा फटका. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. एका छपराखाली वीस-चोवीस माग चालले की आत आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. आमची भिंत त्या छपराला लागूनच आहे. फळीवरचे पेलेसुद्धा थरथरतात.

केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. मग घर आणि कारखाना एकाच भिंतीला असतील तर? नियमांच्या परिशिष्टात एक छोटी टीप आहे : मिश्र भाग औद्योगिक, व्यापारी, निवासी किंवा शांतता क्षेत्र यांपैकी एक म्हणून सक्षम अधिकाऱ्याला जाहीर करता येतो. म्हणजे आमच्या गल्लीपुढे ‘निवासी’ लिहिले तर रात्री ४५, ‘औद्योगिक’ लिहिले तर ७०. पंचवीसचा फरक लहान वाटतो. पण दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पंचवीसला तीनशेपटीहून जास्त. एका शब्दासाठी रात्र जागवणारा मी माणूस, पण शब्दाला एवढे वजन असते हे मलाही ठाऊक नव्हते.

मुलगी बारावीला होती तेव्हा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारले, “तुमचा भाग कोणता?” मी पत्ता सांगितला. “पत्ता नको, वर्ग सांगा.” तो मी कुठून सांगणार? अर्ज घेऊन परत आलो.

मग पलीकडच्या कारखानदारांकडे गेलो. आठ मागांचे मालक, झोपतातही त्याच छपरावरच्या खोलीत. त्यांनी कानामागे हात धरला. “भाई, जरा मोठ्याने बोला.” मी मोठ्याने सांगितले. परीक्षा होईपर्यंत भिंतीलगतचे चार माग त्यांनी रात्री दहानंतर बंद ठेवले. मजुरी त्यांची बुडाली, कारागिरांचीही. परीक्षा संपली, माग सुरू झाले. तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

माग बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्यांच्याच कमाईवर मी बी.ए. झालो. मागाखाली रबर घालता येते, वस्तीकडचे झरोके बुजवून हवा दुसऱ्या बाजूने घेता येते. आठ मागांच्या मालकाला हा खर्च एकट्याने झेपत नाही, तिथे सरकारने हात द्यावा. आणि प्रत्येक प्रभागातल्या गल्ल्यांचा वर्ग ठरवून तो फलकावर लावावा. माझा अर्ज अजून घरातच आहे. त्यात तेवढीच एक जागा कोरी आहे.