खानावळीचे ताट आणि खानावळवालीची मजुरी



व्याख्यानमालेत खानावळीवर बोलायचे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील किती घरे खानावळीच्या आधाराने तगली, ते आठवून पाहा. कोरडवाहू शेतात भागेना म्हणून येथला गडी मुंबईस गेला. कोणी गिरणीत लागला, कोणी माथाडी झाला, कोणी डबेवाला. बायकामुले गावी, आणि हा चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांच्या दाटीत निजायला. त्याला जेवू कोण घाली? बहुधा त्याच चाळीतली एखादी बाई.

तिची खानावळ म्हणजे तिचीच राहती खोली. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. पैसे पगाराला द्यायचे; मेंबर गावी गेला तर खाडे वजा. कोकणी बाईकडे भात आणि मासळी, घाटावरच्या बाईकडे भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. म्हणून माणूस आपल्या मुलखाची खानावळ शोधी. हॉटेलातले जेवण एक दिवस गोड लागते. रोज ते ना पोटाला सोसते, ना खिशाला. घरची चव परवडणाऱ्या दरात मिळे, म्हणून उरलेला पगार मनीऑर्डरीने गावी येई.

आता खरा प्रश्न. हे ताट स्वस्त कसे पडे? मध्ये नफा खाणारा कोणी नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण असे की, त्या बाईची मजुरी हिशेबात धरलेलीच नव्हती. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून तिची चूलही तीन पाळ्यांत चाले. शिधा वाण्याकडून उधार, आणि वर सावकाराचे व्याज. 1973-74 च्या सुमारास गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. पगार बंद, तरी या बायकांनी स्वतः कर्ज काढून मेंबरांना जेवू घातले. संपाच्या इतिहासात सभा आणि मोर्चे लिहिले जातात. ही उधारीची वही लिहिली जात नाही.

ती वही वाचली प्रेमाताई पुरव यांनी. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि पहिल्या चौदा खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचा फास सुटला, तो ताटाचा दर वाढवून नव्हे, तर संघटनेच्या बळावर. इकडे पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा, ना तोटा, हे तिचे सूत्र.

सरकारनेही प्रयत्न केले. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर आली. 2020 च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. वरचा खर्च सरकारने द्यायचा होता. भुकेल्याला ताट मिळाले, हे चांगलेच झाले. पण अनुदानावरची चूल तिजोरीकडे पाहून पेटते. हिशेबावरची चूल आपल्या पायावर उभी राहते.

आता आपल्या दाराशी या. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात हमाल, क्रेट भरणाऱ्या बाया, परगावचे ट्रकवाले यांची रीघ लागते. मंचरच्या बाजारातही कष्टकरी दिवसभर उभा असतो. पुष्कळांचे दुपारचे जेवण म्हणजे वडापाव आणि चहा. बाजार समितीने जागा द्यावी, बँकेने शिध्यापुरते भांडवल द्यावे, आणि बचत गटातील भगिनींनी भाकरी, पिठले, मटकीची उसळ रांधावी. कधी मासवडीही व्हावी.

मात्र दर ठरवताना तीन आकडे मांडा: शिधा, गॅस आणि रांधणारीची रोजची मजुरी. पहिले दोन आकडे सारेच मांडतात. तिसरा गाळून जी स्वस्ताई मिळते, ती एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला दिलेली उधारी असते, आणि ती कधी फिटत नाही. म्हणून ताट पाच रुपयांनी महाग वाटले, तर कुरकुरण्यापूर्वी एवढेच विचारा की, यातले बाईच्या हाती किती पडतात? उत्तर समाधानकारक असेल, तर ते पाच रुपये आनंदाने द्या.