गळतं कुठं, ते आधी विचारा



आंबिवलीचं नाव पेपरात येतं ते बहुतेक साखळीचोरांपायी, नाहीतर पोलिसांच्या छाप्यापायी. म्हणून सुरक्षितता म्हटलं की आपण पोलिसांकडे बोट दाखवतो. पोलीस तर ठाणे शहर आयुक्तालयाचे, म्हणजे राज्य सरकारचे. पण रस्त्यावरचा दिवा? तो कल्याण-डोंबिवली महापालिकेचा. १९४९च्या महापालिका अधिनियमात, कलम ६३ मध्ये, रस्त्यांवरची दिवाबत्ती बंधनकारक कामांत आहे. जमलं तर करा, असं नाही.

आमची आजी मे महिन्यात घर शाकारून घ्यायची. माणूस शिडी लावायला लागला की म्हणायची, "थांब, गळतं कुठं ते आधी विचार." विचारायचं ओसरीवर बसणाऱ्या आजोबांना नव्हे, तर माजघरात उशाशी पातेलं ठेवून झोपणाऱ्या सुनेला. नवी कौलं मोजकीच, ती आधी माजघरावर. उरली तर ओसरीवर. भिंतीला रंग त्याच्याही नंतर.

महापालिकेचं अंदाजपत्रक म्हणजे हीच मोजकी कौलं. कमानी, सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट हा झाला रंग. आणि रात्री उशिराच्या लोकलमधून उतरून मोहन्याकडे चालत निघालेली नर्स, अटाळीकडे वळणारा वॉचमन, ही आपली माजघरातली सून. त्यांना कुणी विचारलंय?

मोहन्यातली एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा. माणसांचीच सोबत. २००९ साली कंपनी बंद पडली, सोबत गेली. जिथं वर्दळ आटते तिथं दिवा जास्त लागतो, कमी नव्हे. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: वर्दळ आटते तिथं दिवा जास्त लागतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच होते. विचारणारं कुणी नव्हतं, हे खरं. पण नगरसेवक असतात तेव्हा तरी आपण काय मागतो? मंडपाची वर्गणी! रागावू नका, मीही त्यातलाच.

कॅमेऱ्यांबद्दल बोलायचं होतं. अंधारात लावलेला कॅमेरा म्हणजे... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दाखवताहेत. एवढंच करा, दिवा बंद दिसला तर नुसतं "स्टेशनकडे अंधार आहे" म्हणू नका. खांबावर नंबर असतो, तो लिहून द्या. नसेल तर समोरच्या दुकानाचं नाव सांगा, म्हणजे वायरमन येईल तेव्हा...